मेडशीवरचं विमान

मेडशीच्या जानरावांचा भिवाजी विमान चालवतो, हे गावाला आधी खरंच वाटलं नव्हतं. बौद्धवाड्यातलं पोरगं सरकारी शिष्यवृत्तीवर नागपूरला शिकलं, वैमानिकाचं लायसन घेऊन आलं. प्रवासी विमानांच्या कंपन्यांनी मुलाखती घेतल्या, "कळवू" म्हणाल्या, आणि कळवलं नाही. शेवटी चौऱ्याहत्तर साली कपाशीवर औषध फवारणाऱ्या एका कंपनीत तो लागला.

रिसोडजवळच्या माळावर दगड वेचून धावपट्टी केली होती. उजाडताच, वारा पडलेला असतानाच उडायचं. बाभळींच्या शेंड्यावरून खाली उतरायचं, फवारा सोडायचा, विजेच्या तारा चुकवून वर यायचं. टाकी भरून पुन्हा तेच. आश्विन लागेतो भिवाजी पार थकून गेला. डोळे चुरचुरत, डोकं जड होई, भाकरीलाही औषधाचा वास येई. रजा मागितली की साहेब म्हणत, "अळी रजा घेते का?"

मग मेडशीची पाळी आली. कुठवर फवारलं ते वरून कळावं म्हणून शेताच्या टोकाला मजूर पांढरं निशाण धरून उभे राहत. विमान जवळ आलं की त्यांनी बाजूला सरायचं. त्या दिवशी एक बाई सरलीच नाही. निशाण हलवत ती वरच बघत राहिली. भिवाजीनं फवारा बंद करेपर्यंत ती न्हाऊन निघाली होती.

काम आटोपल्यावर तो घरी गेला. बाजेवर त्याची बहीण अंजना ओकत पडली होती. नवरा वारल्यापासून ती माहेरीच राहत होती. आई, चंपाबाई, तिचं डोकं धरून बसली होती.

"थे तू होती?" भिवाजी तिच्या उशाशी बसला. "बाजूले काहून नाही झाली, अंजने?"

"भाऊ, तू दिसतं का म्हून पाह्यत होती," ती क्षीणपणे म्हणाली. "बायांले सांगतलं होतं ना, माह्या भाऊ हाये म्हून."

बैलगाडीतून तिला दवाखान्यात नेलं. अंजना वाचली, पण हातांची थरथर काही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी भिवाजीनं मुकादमाला, गोपीचंदला, सांगितलं, "बांबू रोव. त्याले निशाणं बांध. मानूस उभा नाही करायचा."

"टाइम लागते, साहेब. कंपनी बोंबलते."

"बोंबलू दे. मानूस दिसला तं मी फवारा सोडत नाही."

बांबू रोवले गेले, काम रेंगाळलं, कंपनीचे साहेब तणतणले. हंगाम संपल्यावर कंपनीनं भिवाजीला पुन्हा बोलावलं नाही. त्यानं आणखी दोन ठिकाणी अर्ज केले, मग तेही सोडून दिलं.

पुढच्या वर्षी दुसरा वैमानिक आला. गोपीचंद निशाणं घेऊन बायांकडे गेला, तेव्हा एकीनंही हात पुढं केला नाही. "बांबू हायेत ना," त्या म्हणाल्या.

विमान घरावरून गेलं तेव्हा भिवाजी ओसरीत आडवा पडला होता. चंपाबाईनं हळूच विचारलं, "तुह्या जीव लागते का रे तिकडं, विमानात?"

"नाही, माय. झोप येऊन राह्यली," तो म्हणाला, आणि कूस बदलली.