चांदूची आई हरवली तेव्हा

सुधाकर गेला त्या दिवशी मी दुसऱ्याच माणसाच्या मयताला जाऊन बसलो. पालमहून फोन आला, मी परभणीत एसटी धरली, पालमला उतरून त्याच्या गल्लीत गेलो, दारापुढे माणसं बसलेली दिसली, मीही मान खाली घालून बसलो. शेजारच्याला हळूच म्हणालो, "चित्रं फार सुरेख काढायचा हो." तो माझ्याकडे बघतच राहिला. "आमचा मामा? मामा तर आडतीवर हमाल होता." सुधाकरनं ते घर केव्हाच विकलं होतं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं बांधलं होतं, मला पत्ताच नव्हता... खऱ्या घरी पोचलो तेव्हा मंडळी स्मशानातून परतून आंघोळी करत होती. वहिनी दारातून पाहून आत वळल्या. मयताच्या घरी 'या' म्हणत नाहीत हे मलाही कळतं, पण वहिनींचं न म्हणणं वेगळं होतं.

आमचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कारण एक म्हैस.

आम्ही एकाच शाळेत, तो चित्रकला शिकवायचा आणि मी मराठी. दोघांनी मिळून बालवाडीतल्या लेकरांसाठी कार्टूनची मालिका काढली, 'चांदू रेडकू'. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं रेडकू आणि पाच-पाच मिनिटांचे भाग. चांदू चिखलात बसतो, चांदूला शिंक येते, असलं सगळं. चित्रं त्याची, लेखन माझं. लेखन म्हणजे काय, दर भागात चांदू विचारायचा "आई, हे काय?" आणि आई सांगायची. आयांनी मोबाईल पुढं धरायचा आणि लेकरांनी चांदू बघत घास गिळायचा, एवढी आमची कीर्ती. परभणीतल्या एका सरकी पेंडीच्या व्यापाऱ्याचा नातूही असाच जेवू लागला आणि शेठच्या डोक्यात दीड तासाचा पिच्चर शिरला. घरादारानं मिळून बघायचा पिच्चर, मधूनमधून पेंडीची पोती दिसली म्हणजे झालं.

पाच मिनिटांचे दीड तास कसे करायचे? मी म्हणालो, आई हरवू. चांदू उसात शोधेल, गोदावरीच्या पात्रात शोधेल, सोनपेठच्या बाजारात शोधेल, शेवटी सापडेल. सुधाकर पेन्सिलीला टोक करत ऐकत होता.

"चार वर्षांचं लेकरू पहिल्यांदा थेटरात येणार," तो म्हणाला. "आधीच तिथं अंधार. त्यात तू त्याची आई हरवायलास."

"मोठी माणसंही येणार आहेत, सुधाकर. त्यांना काहीतरी लागतं."

"त्यांना झोप लागती. लागू दे."

शेठ माझ्या बाजूचे. "मास्तर, रडल्याबिगर पब्लिकला पिच्चर बघितल्यासारखं वाटत न्हाई." सुधाकर उठून गेला. काही दिवसांनी स्वतःहून म्हणाला, काढतो. मला वाटलं, जिंकलो. तयार झालेला पिच्चर मी कॉम्प्युटरवर दोनदा पाहिलाही, पण लिहिणारा माणूस चित्रात स्वतःची वाक्यंच बघतो.

पहिला खेळ परभणीत. उसाच्या फडात चांदू एकटा बसलाय, माझं स्वगत सुरू झालंय, मी हुंदक्यांची वाट बघतोय... आणि पुढच्या रांगेतून एक पोरगी म्हणाली, "ती काय, उसाच्या मागं." मी पाहिलं. पानांमधून दोन शिंगं वर आलेली. नदीत खडकामागं काळी पाठ. बाजारात बांगड्यांच्या दुकानाआड शेपटीचा गोंडा. आई हरवल्यापासूनच्या एकूणएक दृश्यात सुधाकरनं आई काढून ठेवली होती. चांदूला ती दिसत नव्हती, थेटरातल्या प्रत्येक लेकराला दिसत होती. "चांदू, मागं बघ की येड्या" असा एकच गलका. रडलं कुणीच नाही. माझं स्वगत मलाही ऐकू आलं नाही.

पायऱ्यांवर त्याला गाठला. "माझा पिच्चर मातीत घातलास."

"तुझा एक तरी शब्द खोडला का मी? तुला चांदूची आई हरवायची होती, हरवली. लेकरांची कशाला हरवायची?"

मी चारचौघांत म्हणालो, तुला म्हशीपलीकडं काही काढता येत नाही. तो म्हणाला, "रेडा जमतो. तू समोर असलास की हात चांगला चालतो."

ते आमचं शेवटचं बोलणं. पुढं माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यानं परत पाठवली, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून. मराठीच्या मास्तरला. मीही कमी नव्हतो. त्याच्या निवृत्तीच्या समारंभात भाषण केलं आणि त्याचं नावच घेतलं नाही. पिच्चर लवकरच उतरला, शेठ पुन्हा पेंडीकडं वळले. तो सुधाकरनंच बुडवला असं मी अजूनही म्हणतो. माणूस गेला म्हणून मत कशाला बदलायचं?

मागच्या आठवड्यात पुन्हा पालमला गेलो, या खेपेला बरोबर घरी. वहिनींनी चहा ठेवला. समोरच्या खोलीत त्यांची नात टीव्हीपुढं उकिडवी बसून आमचाच पिच्चर बघत होती. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या, तरी ट्यूबलाइट चालू. टीव्ही लागला की दिवा लावायचा, ही सुधाकरची शिस्त अजून चालू होती. मी खुर्ची ओढली आणि म्हैस शोधू लागलो. दोन ठिकाणी सापडली नाही, तेव्हा पोरीनं उठून पडद्यावर बोट ठेवलं. तिसऱ्या ठिकाणी, कडब्याच्या गंजीआड, माझी मलाच सापडली... बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचा पुन्हा राग आला.

चांदूला आई भेटली. नावं सुरू होणार, तेवढ्यात वहिनींनी बसल्या जागेवरून रिमोट दाबला.

"वहिनी, राहू द्या की. आता माझं नाव येतं."

"ठाऊक हाय," वहिनी म्हणाल्या. "ते तिथंच बंद करायचे. लेकरं भेत्यात म्हणायचे."