बाळंतिणीची खोली

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच. त्या आनंदात नवे बूट घेतले होते. ते मी घरातही काढत नसे.

तेच घालून आमच्या दुसरबीडहून एसटीने सिंदखेडराजाचा जुना राजवाडा पाहायला गेलो. राजघराण्यातली लेक जन्मली त्या खोलीच्या दाराशी एक म्हातारा राखणदार बसला होता. खांद्यावरच्या दुपट्ट्याने तो दगडी उंबरा पुन्हा पुन्हा पुसत होता.

"बूट काढा, साहेब."

"हे काय देऊळ आहे? इतिहास शिकलोय मी, बाबा."

"देऊळ कायचं! बाळंतिणीची खोली हाये. तिथं कोणी जोड्यानं जाते का? तुमी सोता कोठी जलमले, सांगा बरं?"

या वाड्याच्या पिढ्या मला तोंडपाठ होत्या, पण माझा स्वतःचा जन्म कुठे झाला, ते ठाऊक नव्हतं. मी बूट काढले. त्याने हसत ते उचलून सावलीत नीट लावून ठेवले.

संध्याकाळी घरात शिरताच मायला तेच विचारलं.

"त्या कोपऱ्यात," माय सरकीच्या पोत्यांकडे हात करून म्हणाली. "काऊन रे?"

मी मागे फिरलो आणि दाराबाहेर बूट काढून आलो.