चार खोल्या, एक कुकर

कळंबहून लिहितोय, मित्रांनो. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी घरी आलोय. केनियात मी उभी केलेली मिशनची टीम तिकडंच आहे, चौघं एकाच भाड्याच्या घरात.

आज दुपारी प्रार्थनेसाठी व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर चार चौकोन आले. चौघंही आपापल्या खोलीत दार लावून बसलेले. भांडण झालंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि ती चारही फोनमधून ऐकू आली. मग दुसरी झाली, तिसरी झाली. कुणी उठेना.

"सुनीता, गॅस बंद कर ना," चौघांतल्या एकीला मी म्हणालो.

"आज स्वयंपाकाची पाळी माझी नाही, दादा."



पलंगावरून आई म्हणाली, "आरं, आदी गॅस बंद कराय सांग त्यांला. प्रार्थना मागून कर."

मी परत सांगितलं. कुणी हललं नाही. शेवटी त्या शिट्ट्यांतच प्रार्थना केली. चार आमेन आले, एकेक करून.

परदेशात टीम सांभाळणाऱ्यांनो, इतक्या लांबून बंद दारं कशी उघडता तुम्ही? मला तर कॉल संपल्यावर तो गॅस कुणी बंद केला, हेसुद्धा अजून कळलेलं नाही.