झोपेत काढलेला धूमकेतू

कवळीताईचं खरं नाव लॅबच्या हजेरीपटाबाहेर कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करण्यात तिचा जन्म गेला होता. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्याच हातचं, म्हणून हे नाव पडलं. दिवसभर मेणात दात बसवायचे, प्लास्टर ओतायचं, चाकावर कवळी घासून गुळगुळीत करायची आणि संध्याकाळी केसांत गुलाबी भुकटी घेऊन घरी यायचं.

घरी दादा. थोरला भाऊ. आयुष्यभर त्यानं बस चालवली आणि निवृत्त होऊन वर्ष होतंय न होतंय तोच त्याची डावी बाजू गेली. वहिनी आधीच वारलेली, मुलं परदेशी. ताईनं लग्न केलं नव्हतं, तेव्हा "तू काय, मोकळीच आहेस," असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं आणि दादा तिच्याकडे आला. मोकळ्या माणसाला बांधायला लोकांना फार लांब दोर लागत नाही.

ताईला एकच नाद होता, आकाशाचा. तरुणपणी त्यांचं एक मंडळ होतं. सुट्टीच्या आदल्या रात्री गावाबाहेर जायचं, दुर्बिणी लावायच्या, पहाटेपर्यंत बघत बसायचं. पुढं कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, कुणाला नातवंडांनी धरून ठेवलं, एकदोघं तर वरच गेले. "जवळून बघायला गेलेत," असं शिंपीकाका म्हणायचे. हे शिंपीकाका म्हणजे मंडळाचा उरलेला दुसरा अर्धा भाग. पडदे शिवायचा त्यांचा धंदा. त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती आणि कंबर व्हॅनपेक्षा जुनी होती.

त्या वर्षी धूमकेतू येणार असल्याची बातमी आली, तेव्हा दोघांच्याही अंगात थोडं बळ आलं. धूमकेतू पूर्वेला, उजाडायच्या जरा आधी दिसणार होता. रोज थोडा खाली, रोज सूर्याच्या थोडा जवळ. आठवडाभरात तो उजेडात बुडणार आणि पुन्हा यायचा तर हजारो वर्षांनी.

"एवढं थांबणं काही आपल्याला जमायचं नाही," शिंपीकाका म्हणाले. "ताई, यंदाच उरकून घेऊ."

पण म्हणतात ना, शितावरून भाताची परीक्षा. पहिल्या पहाटेलाच माशी शिंकली. व्हॅन घेऊन दोघं जुन्या दगडखाणीच्या काठावर पोचले, तर पूर्वेला ढगांची जाड गोधडी. दुसऱ्या पहाटे आकाश लख्ख होतं, पण दंव असं पडलं की भिंग पुसून होईस्तोवर पुन्हा आंधळं. ताई पुसत राहिली आणि फटफटलं. घरी येऊन तिनं दादाचं अंग पुसलं, कूस बदलली, औषधं दिली, भात टाकला आणि धावत लॅब गाठली. दुपारी एका कवळीत तिनं वरचे दात खाली बसवले. मालक नुसते चष्म्यावरून बघत राहिले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"बये, तुझे डोळे बघ," दादा त्या रात्री म्हणाला. "शेपटीवाला राहू दे, तूच आता मावळायला आलीस."

"उद्या एक दिवस, दादा."

"दारू पिणारापण हेच म्हणतो."

तिसऱ्या पहाटे मात्र सगळं जुळून आलं. ढग नाहीत, वारा बेताचा, आणि काकांनी जुन्या पडद्याच्या कापडाचं नळकांडं शिवून भिंगाभोवती घातलं होतं, दंव बसू नये म्हणून. ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र ताईनं ध्रुवताऱ्याशी जुळवलं, कॅमेरा पूर्वेला रोखला आणि आपोआप फोटो घेत राहील अशी व्यवस्था केली. क्लिक झालं, मग शांतता, मग पुन्हा क्लिक. धूमकेतू वर यायला अजून अवकाश होता. ताई घडीच्या खुर्चीत टेकली.

"जरा डोळे मिटा, ताई," काका म्हणाले. "मी जागा आहे. वर आला की हाक मारतो."

"नक्की?"

"अहो, डोळ्यांत तेल घालून बसतो."

ताईनं डोळे मिटले. काकांना कंबर ताठ ठेवणं होईना, म्हणून ते व्हॅनमध्ये पडद्यांच्या गठ्ठ्याला पाठ टेकून बसले. गठ्ठा मऊ होता. डोळ्यांतलं तेल कधी संपलं ते त्यांना कळलंच नाही.

ताईला जाग आली ती गालावर ऊन पडल्यामुळे. समोर पांढरंफटक आकाश होतं आणि कॅमेरा बिचारा त्याचेच फोटो काढत होता. क्लिक. क्लिक. व्हॅनमधून घोरण्याचा आवाज येत होता. तिला रागही आला नाही. रागवायला अंगात थोडी तरी ताकद लागते. तिनं कॅमेरा बंद केला, यंत्र सोडवलं, काकांना हलवलं. काका उठले, आकाशाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि शरमेनं त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"हातातोंडाशी आलेला घास गेला हो, ताई."

"चला. दादाचं औषध राहिलंय."

त्या संध्याकाळी तिनं सहज म्हणून फोटो उघडले आणि बघतच राहिली. माणसं झोपली तर झोपू देत, कॅमेरा थोडाच झोपला होता. खाणीच्या कडेवर तो उगवला होता. हिरवट डोकं, त्यातून वर निघालेली लांब शेपटी, आधी सरळ आणि मग एका अंगाला किंचित कललेली. तिनं फोटो एकावर एक बसवले, तसा तो आणखी उजळला. इतक्या वर्षांत इतकं चांगलं चित्र त्या दोघांच्या हाती कधी लागलं नव्हतं. काकांना पाठवलं, काकांनी ते चहूकडे पाठवलं. फोन वाजू लागले. मंडळातली जुनी माणसं, कुणाकुणाची लेकरं, सगळी वाहवा करू लागली. वर्तमानपत्रवाल्यांनी मोठी प्रत मागितली.

"झोपेत काढलाय हे काही जगाला सांगायची गरज नाही," काका फोनवर हळूच म्हणाले.

ताईनं चित्र दादाला दाखवलं. त्यानं उजव्या हातानं फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं.

"झकास आलाय. पण तू बघितलास का?"

"हा काय, समोर आहे."

"हा कॅमेऱ्यानं बघितला. बये, मी गाडीवर झोपलो असतो आणि बस आपोआप पोचली असती, तर मी चालवली असं म्हणालो असतो का?"

ताईला झोंबलं ते खरं. मघापासून कौतुक ऐकताना तिला वाटत होतं, शेजारणीनं केलेल्या भाजीची चव आपल्या नावावर खपतेय.

पुढच्या दोन पहाटा दादाला ताप होता. ती त्याच्या उशाशी बसून ओल्या पट्ट्या बदलत राहिली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसायची. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण काकांची कंबर धरली. त्यांना अंथरुणातून उठवेना. आणि आता एकच पहाट उरली होती. त्यानंतर धूमकेतू उजेडात जाणार होता.

"जाऊ दे," ताई म्हणाली. "माझ्यातही जीव नाही राहिला. झोपते आज."

दादा छताकडे बघत होता. "पहिली गाडी पकड. डोंगरावरच्या शेवटच्या थांब्याची. तिथं पुढं काही नाही, नुसती दरी. तोंड पूर्वेला. मी हिवाळ्यात गाडी लावून शुक्र बघायचो."

"तू? शुक्र?"

"तूच दाखवला होतास लहानपणी. मग काय करणार, दिसायचा."

"आणि तुझ्याजवळ कोण?"

"मी कुठं पळून चाललोय?"

ती गेली. ना कॅमेरा, ना यंत्र, गळ्यात नुसती दोन डोळ्यांची छोटी दुर्बीण. बसमध्ये ती एकटीच. कपाळ काचेला टेकून बसली, पण या वेळी झोपायचं नाही म्हणून मांडीला चिमटे काढत होती. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"इथं कुणाकडे, ताई? इथं तर कुणी राहत नाही."

"धूमकेतू बघायचाय. तुम्हीपण बघा."

"तुम्हीच बघा. मला परतीची फेरी आहे, तेवढ्यात जरा मान टाकतो," असं म्हणून त्यानं स्टिअरिंगवर डोकं ठेवलंसुद्धा.

ती कठड्याशी उभी राहिली. खाली दरीत धुकं, वर आकाश निळं पडू लागलेलं. दुर्बीण फिरवली, काही नाही. पुन्हा फिरवली. दुर्बीण स्थिर राहीना, म्हणून कोपरं कठड्यावर टेकली. आणि मग तो सापडला. फोटोतल्यासारखा मुळीच नव्हता. हिरवा नाही, लांब नाही. फडकं मारलेल्या पाटीवर खडूचा उरलेला एखादा फराटा असावा, तेवढाच. खालच्या टोकाला एक बारीक ठिपका. तिनं श्वास रोखला, की तो थरथरायचा थांबायचा. श्वास सोडला, की पुन्हा थरथरायचा.

मोठा आनंद वगैरे झाला नाही. पाय दुखत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते गार वाऱ्याचं होतं. तिला फक्त वाटलं, चला, भेट झाली. आजाऱ्याला भेटून यावं तशी. आकाश उजळत गेलं आणि फराटा विरत गेला. ती तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली, आणि नंतरही थोडा वेळ. मग तिनंच ड्रायव्हरला उठवलं.

दिवसभर ती लॅबमध्ये एका आजीबाईंच्या कवळीवर काम करत होती. दात जागच्या जागी बसले. संध्याकाळी तिनं काकांना फोन केला आणि वर्तमानपत्रात चित्राखाली दोघांचं नाव द्या म्हणाली. "आणि झोपलो होतो हेही लिहा. खरं आहे ते."

"हसतील हो लोक."

"हसू देत. दात माझ्याकडेच करून घेतात."

दादा जेवताना म्हणाला, "मग? केवढा होता?"

तिनं त्याचा उजवा तळहात उघडला आणि बोटानं एक छोटीशी रेघ ओढली.

"बस? एवढाच?"

"एवढाच."

"त्यापेक्षा फोटो बरा होता की गं."

"फोटो बराच होता," ताई म्हणाली आणि त्याच्या तोंडात घास दिला.