खळ ओली होती

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. चौथीपर्यंतच शिकलोय, पण डोळे शाबूत आहेत. जे पाहिलं तेवढंच लिहितो… पटलं तर घ्या.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दाल बाजारामागच्या गल्लीत. लग्नात रुखवत मांडलं, तेव्हा लाडू-करंज्यांच्या मधोमध एक पुठ्ठा उभा होता. कुसुमनं — म्हणजे आमच्या हिनं — जुन्या कॅलेंडरांवरची, काडेपेट्यांवरची चित्रं कापून खळीनं चिकटवलेली. एका टोकाला कोटातला माणूस, मुंडक्याच्या जागी घड्याळ! दुसऱ्या टोकाला लाल मासोळीवर छत्री घेऊन बसलेली बाई. वऱ्हाड खो-खो हसलं.

"हा कोण?" मी नंतर विचारलं.

"तुम्हीच. आत टिकटिक चालू, तोंडातून शब्द नाही."

पुढे मध्यभारत मोडून मध्य प्रदेश झाला. आमची कचेरी भोपाळला हलली, मी तिथला शिपाई. कुसुम म्हणाली, "नुसतं 'चल' म्हणा, येते मी."

आता नवऱ्यानं विनवायचं? आमचे पणजोबा लढाईला निघाले तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं! "यायचं तर ये," मी म्हणालो.

"'यायचं तर' नाही… 'चल'."

एकटाच गेलो. तिनं तो पुठ्ठा माझ्या ट्रंकेत घालून दिला.

भोपाळच्या खोलीत खुंटीला टांगला. बोलायला तेवढाच. एका सकाळी दाढी करताना बघतो तर — मासोळी आहे, बाई नाही! छत्रीही नाही. फाटल्याची खूण नाही, कोरा पुठ्ठा. कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरेला. साबण पुसला अन् मिळेल ती गाडी पकडली.

दिवेलागणीला दारातूनच म्हणालो, "चल."

कुसुम पाय घासत बसली होती. "अहो, पाय तर धुऊ द्या. सकाळपासून चिकटताहेत, खळीत पडल्यासारखे. घरात खळ केलेलीसुद्धा नाही…"

दोघं भोपाळला आलो, कुलूप काढलं. बाई परत पुठ्ठ्यावर! पण मासोळीवर नाही — घड्याळवाल्याच्या शेजारी, छत्री दोघांवर. बोट लावलं. खळ ओली होती.

रिटायर होऊन ग्वाल्हेरला परतलो, आता थाटीपुरात मुलाकडे असतो. पुठ्ठ्यावरच्या बाईचे काळे केस पांढरे झालेत. नात म्हणते, "आजोबा, कलर फेड हो गया, बस." असेल. मग मासोळी लालच कशी? कुसुमला विचारलं की नुसती हसते.

रोज फूलबागेत फिरायला जातो. चप्पल घालण्याआधी म्हणतो, "चल."

"आले हो," म्हणते, आणि उशीर लावते… मी थांबतो.