लॉ कॉलेजच्या परीक्षेचं वर्ष

आम्ही ढिवर. ब्रह्मपुरीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात तलावातले मासे आणि थोडं धान यांवर घर चालायचं. मालगुजारी जाऊन गावचा तलाव सरकारकडे गेला, तसा त्यात जाळं कुणी टाकायचं यावरून वाद पेटला आणि बाबांना साक्षीसाठी चांद्याच्या कोर्टात उभं राहावं लागलं. मी सोबत होतो. समोरच्या वकिलानं विचारलं, "तलाव तुमचा आहे का? हो की नाही?"

बाबा म्हणाले, "तलाव कोनाचा असते जी? पन माह्या आज्यापासून जाळं आमचंच पडते."

"हो की नाही, तेवढंच सांगा."

"नाई."

तेवढंच लिहिलं गेलं. आम्ही दावा हरलो. परतताना बाबा नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीत खिडकीबाहेर पाहत बसले. वकील व्हायचं हे मी त्या गाडीतच ठरवलं.

बी. ए. होऊन मी तेव्हा शेजारच्या गावी मास्तर होतो. नागपूरच्या ज्या लॉ कॉलेजात जायचं होतं, तिथं प्रवेशाआधी एक लेखी परीक्षा असे. लांबलचक इंग्रजी उतारा द्यायचे आणि तासाभरात त्याचा मथितार्थ इंग्रजीतच लिहायला सांगायचे. पहिल्या वर्षी माझा अर्धा कागद कोरा असतानाच वेळ संपली. यादीत नाव आलं नाही.

ब्रह्मपुरीला एक म्हातारे अर्जनवीस होते. जन्मभर कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिलेले. आता डोळे गेले होते. मी त्यांच्याकडे गेलो आणि शिकवता का म्हणून विचारलं.

"मले दिसत नाई बाबू," ते म्हणाले. "तू वाच, मी आयकतो. जमलं तर जमलं."

दर रविवारी बांधाबांधानं चालत मी त्यांच्याकडे जायचो. त्यांच्या पेटीतले जुने इंग्रजी निकाल वाचून दाखवायचो. एक निकाल वाचून झाला की ते म्हणायचे, "आता चार वाक्यात सांग. मराठीत." मी सात-आठ वाक्यं बोलायचो. ते मान हलवायचे. "भांडन कशाचं होतं, तेच तुले सापडलं नाई. मंग इंग्रजीत काय लिवशील? पुन्हा वाच." कधी एकच निकाल पाच वेळा वाचावा लागे. घसा बसायचा, रागही यायचा. पण एकही रविवार मी चुकवला नाही.

घरी तेच इंग्रजी मोठ्यानं म्हणायचो. माय जाळं विणत बसलेली असे. तिला अक्षरओळख नव्हती, पण एक दिवस म्हणाली, "रोज तिथीच काऊन अडून राह्यला तू?" पाहिलं तर खरंच, लांब वाक्यात क्रियापद शोधताना मी दरवेळी थांबत होतो. तेव्हापासून मी आधी क्रियापदाखाली रेघ मारू लागलो.

दुसऱ्या वर्षीचा उतारा विहिरीच्या वाटेच्या भांडणाचा होता. दोनदा वाचला, रेघा मारल्या, मनाशी मराठीत चार वाक्यं जुळवली आणि मग लिहायला घेतलं. घंटा झाली तेव्हा कागद पूर्ण होता.

या वेळी यादीत नाव होतं, शेवटून तिसरं. बाबांना सांगितलं. त्यांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग विचारलं, "किती वर्सं लागते?"

"दोन."

"मंग जा," ते म्हणाले आणि माझी ट्रंक उतरवायला माळ्यावर चढले.