गावपळणीत राहिलेली फेरी

त्या वर्षी माझा देवावर विश्वास उरला नव्हता, हे आधीच सांगते. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावत होते, पण तो सवयीनं. आमच्या ह्यांना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. घशातून घरघर यायची, त्यातला अर्थ मी अंदाजानं लावायची. ज्या माणसानं उभा जन्म रवळनाथाची चाकरी केली त्याला देवानं हे दिलं. त्यांना कूस बदलून देताना माझ्या तोंडून देवाला शिव्या निघायच्या. ते ऐकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. त्यांना ते आवडत नसे. मला त्याची पर्वा नव्हती.

आमचं गाव जुनं आहे. किती जुनं ते मला विचारू नका, मी चौथीपर्यंत शिकलेली. देवळाच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. तळीच्या काठाला लढाईत मेलेल्यांचे कोरीव दगड आहेत आणि आम्ही सासुरवाशिणींनी त्यांच्यावरच कपडे वाळत घातले. आता शिकलेली माणसं येऊन त्यांचे फोटो काढतात. पण गावाची खरी जुनी गोष्ट दगडांत नाही. ती आहे गावपळण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन-चार वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात. देवानं हुकूम दिला की ठरल्या दिवशी, दुपारी देवळात नौबत वाजायच्या आत, सगळा गाव वेशीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळी. तीन दिवस, तीन रात्री बाहेर माळावर झावळ्यांच्या खोपींत राहायचं. मग चौथ्या दिवशी मानकऱ्यांनी तेवढं देवळात जाऊन पुन्हा कौल घ्यायचा आणि सगळ्यांनी परत यायचं. का, ते कोणी नक्की सांगत नाही. कोण म्हणतो भुतांना तीन दिवस दिलेत, मास्तर म्हणतात पूर्वी साथ यायची म्हणून. माणसं मात्र खुशीत असतात. बाहेर भजनं, फुगड्या, एकत्र जेवणं. एकच नियम कडक. वेशीबाहेर पडलेला गावचा माणूस हुकमाशिवाय परत आत येत नाही. कौलाचा पाषाण देवळात, गावाच्या आत. म्हणजे तीन दिवस हुकूम मागायलाही वाट नाही.

आमच्या घराण्याला ह्यात एक मान आहे. शेवटची फेरी. नौबत झाली की आमच्या घरचा पुरुष खाडीकडच्या खालच्या वाडीपासून सुरुवात करून वर चढत एकेका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहतो. "कोण मागे रवला काय?" असं तीनदा विचारतो. चूल विझली की नाही बघतो. मग सगळ्यांच्या शेवटी तो वेस ओलांडतो आणि मानकरी नारळ फोडतात. आमच्या ह्यांनी ही फेरी लग्नाआधीपासून केली. एकदा एका घरात आंधळी म्हातारी राहिली होती, तिला ह्यांनी पाठीवर घेऊन आणली. त्या दिवशी ते जेवताना दोनदा हसले. एरवी हसायचे नाहीत.

त्या वर्षी कौल झाला तेव्हा फेरी कोणी करायची हा प्रश्न आला. मान बापाकडून मुलाकडे. मुलगा मुंबईला. "येतंय, येतंय" म्हणत राहिला आणि आदल्या दिवशी फोन केला, "आये, रजा नाय गावली." मी फोन ठेवला आणि मुख्य मानकरी तात्यांकडे गेले. म्हटलं, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. तात्या पानाला चुना लावत म्हणाले, "वयनी, मान असो दुसऱ्याक देवूक येणा नाय. देवाचा काम ता."

"मग मी जातंय."

"बायलमाणसाक फेरी नाय." आणि मग हसून म्हणाले, "आणि मागे रवतलो कोण? सगळ्यांकडे मोबाइल आसत."

तर फेरी राहिली. घरी येऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं अंथरुणाची कड घट्ट धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

ह्यांना बाहेर न्यायचं काम धाकट्या दिरानं, बाळानं अंगावर घेतलं होतं. त्याचा टेंपो आहे. "वयनी, तू भिया नको. दादाक मीच नेतलंय. धा वाजता हजर." मी पहाटे उठून ह्यांना पुसून धुतलेला सदरा घातला. दोन गाद्या गुंडाळून ठेवल्या. आमचं घर सगळ्यात वर, बाकी घरांपासून जरा सुटं. दहा वाजले, अकरा वाजले. बाळाचा टेंपो खालच्या रस्त्यानं जाताना पाहिला, वर ताडपत्री घातलेली. मला वाटलं सामान टाकून परत येईल. शेजारच्यांनीही तो टेंपो पाहिला. त्यांना वाटलं ताडपत्रीखाली आम्हीच आहोत. तिच्याखाली होत्या बाळाच्या बायकोच्या शेळ्या आणि फ्रिज. फोन लावला तर रेंज नाही. आमच्या घरी ती कधीच नसते, नारळीच्या पुढे जाऊन उभं राहावं लागतं. तिथं गेले तर ह्यांची घरघर ऐकू येईना, म्हणून परत आले. तेवढ्यात नौबत वाजली.

पुढं कळलं की वेशीबाहेर गेल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांच्या लक्षात आलं. बाळा म्हणाला, "माका वाटला शेजाऱ्यांनी नेलो." शेजारी म्हणाले, "आमका वाटला तुझ्या टेंपोत." मग सगळे वेशीवर उभे राहिले. आमच्या घराचं छप्पर तिथून दिसतं. पण आत जायचं कोणी? हुकूम नाही. तात्यांनी म्हणे तिथूनच देवाला गाऱ्हाणं घातलं. अख्खा गाव एका म्हातारीकडे आणि एका आजाऱ्याकडे लांबून हात जोडून उभा होता. ह्याच गावात मी नांदले, सगळ्यांच्या बाळंतपणांना गेले.

रिकामा गाव तुम्ही ऐकलेला नाही. फोटो काढणारे लांबून फोटो काढतात आणि लिहितात, किती शांत. ती शांतता नाही. कोंबडं नाही, कुत्रं नाही, कोणाच्या विहिरीचा रहाट नाही. मी भूत मानत नाही, तरी त्या दुपारी खळ्यात उतरायची हिंमत झाली नाही. पण माझ्या भीतीचं काही नव्हतं. ह्यांच्याकडे बघवत नव्हतं. ज्यानं गावातलं माणूसच काय, मांजरही मागं ठेवलं नाही, तोच आता आत राहिला होता. देवाचा हुकूम त्यांच्या हातून मोडत होता. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे वाहत होतं आणि मी पुसत होते. मी पेज केली, त्यांनी तोंड उघडलं नाही. गाव सोडायच्या दिवशी नौबतीनंतर चूल पेटवली म्हणून असेल.

मग मी बोलले. प्रार्थना नव्हती ती. म्हटलं, "रवळनाथा, माझ्याच्यान होणा नाय. ह्यो तुझो चाकर. तू बघ नायतर सोड." एवढंच. रडलेही नाही. भिंतीला पाठ लावून बसले. आता मी काही करणार नाही, असं पहिल्यांदाच वाटलं. आयुष्यात मी कधी हात टेकले नव्हते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. उन्हं परसातल्या माडांवर गेली होती. खाडीकडून, अगदी खालून, माणसाची हाक आली. "कोणी आहे का घरात?" मग गप्प. मग थोडी वर, दुसऱ्या घराकडून तीच हाक. मग तिसऱ्या. मला आधी कळलं नाही. ह्यांना कळलं. त्यांनी मान वळवली, दोन वर्षांत वळवली नव्हती एवढी. हाक खालच्या वाडीतून वर येत होती, एकेका घराशी थांबत, ज्या वाटेनं हे जायचे त्याच वाटेनं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. ते मनातल्या मनात घरं मोजत होते, हे मला दिसत होतं.

शेवटी आमच्या खळ्यात एक माणूस आला. पन्नाशीचा, शर्ट लाल धुळीनं भरलेला. मला बघून दचकला. म्हणाला, "या अल्ला. आजी, ह्या गावात माणसं राहत नाहीत काय? सगळी दारं बंद."

तो खारेपाटणचा टेंपोवाला इस्माईल. देवळाच्या मंडपासाठी तात्यांनी फरश्या मागवल्या होत्या आणि गावपळण आहे हे दुकानदाराला सांगायचे विसरले होते. तो खाडीकडच्या जुन्या रस्त्यानं आला, म्हणून वेशीवरच्या माणसांना दिसला नाही. फरश्या उतरवून घ्यायला कोणीतरी हवं, म्हणून घरोघर हाका मारत फिरत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग उठवू या ह्यांना. तुम्ही पायाकडनं धरा. कंबर जपा तुमची, नाहीतर मला दोघांना उचलावं लागेल."

त्यानं टेंपो खळ्याशी आणला, फरश्यांच्या खोक्यांवर गाद्या घातल्या आणि ह्यांना झोपवलं. गाडी चालू करण्याआधी तो खाली उतरून परत आला. "आजी, धूर दिसला होता मघाशी. चुलीत विस्तव नाही ना राहिला?" मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मी आत जाऊन चुलीवर पाणी ओतलं.

वेशीवर पोचलो तेव्हा सगळे दोन्ही बाजूंना सरकून उभे राहिले. टेंपो ओलांडून गेला आणि हे शेवटचे बाहेर पडले. तात्यांनी नारळ फोडला. मग सगळ्यांना एकदम कंठ फुटला. देवानंच माणूस धाडला, देवानंच. बाळा माझ्या पायाशी वाकला, मी पाय मागे घेतले. इस्माईल बिचारा विचारत होता, "फरश्या कुठं उतरवू?" आत जाता येत नाही म्हटल्यावर त्यानं कपाळावर हात मारला आणि फरश्या माळावर उतरवल्या. जाताना ह्यांच्या डोक्याखाली स्वतःची उशी ठेवून गेला.

हे त्या पावसाळ्यात गेले, आपल्या घरात, झोपेत. मुलाला तेव्हा रजा मिळाली. बाराव्याला इस्माईल शहाळी घेऊन आला आणि खळ्यातच उभा राहिला. मी त्याला आत घेऊन बसवलं.

आता देवळातर्फे गावाच्या इतिहासाची पुस्तिका निघाली आहे. तिच्यात ही गोष्ट आहे. शुभ्र कपड्यांतला कोणी अनोळखी पुरुष आला, भक्ताला वेशीपार नेलं आणि दिसेनासा झाला, असं छापलंय. तात्यांना मी विचारलं, "दिसेनासो कसो झालो? तुमच्या खोपीत चाय पिऊन गेलो तो." ते म्हणाले, "वयनी, अशा गोष्टी अशाच लिवतत." मी म्हटलं, मग मी लिहिते. म्हणून हे लिहिलं. कपडे शुभ्र नव्हते. त्याला नाव आहे, गाव आहे. आणि देवानं त्याला पाठवला नाही, असं मी म्हणत नाही. पाठवलाच असेल. पण गावातलं कोणी पाठवण्यासारखं सापडलं नाही, म्हणून खारेपाटणहून पाठवावा लागला, हे पुस्तिकेत का नाही?

मी अजून दिवा लावते. आता सवयीनं नाही. त्या दुपारी मी देवाकडे काही मागितलं नव्हतं, फक्त माझ्या हातातलं त्याच्या हातात टाकलं होतं. शरण जाणं म्हणजे काहीतरी गोड असतं असं कीर्तनात ऐकलं होतं. तसं काही नव्हतं. सगळं करून थकल्यावर गप्प बसणं, एवढंच होतं. पण ते त्याला पोचलं. देवावरचा माझा राग तिथंच भिंतीशी संपला, तो परत आलेला नाही.

माणसांवरचा आहे. तो सोड असा हुकूम देवानं दिलेला नाही, आणि मी त्यासाठी कौल लावलेला नाही.